दगडाला फाशी

बीबीसीचा लाडका निवेदक जिमी सॅव्हिल 2011 च्या ऑक्टोबरात वारला, तेव्हा ब्रिटनने त्याला फक्त देव्हाऱ्यात बसवायचं बाकी ठेवलं होतं. शवपेटी सोनेरी. स्कारबरोच्या दफनभूमीत ती 45 अंशांत तिरकी पुरली. का, तर साहेबांना समुद्र दिसावा! बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’ने त्याच्या लैंगिक अत्याचारांची बातमी खणायला घेतली होती, ती गुंडाळली गेली. नाताळात बीबीसीवरच त्याचे गुणगान मात्र वेळेवर झाले.

वर्षभराने आयटीव्ही या दुसऱ्या वाहिनीने सगळं चव्हाट्यावर आणलं आणि सोवळ्याची एकच घाई उडाली. थडग्यावरचा भलामोठा दगड अंधारात उपटून फोडायला धाडला. ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या बीबीसीच्या संगीत कार्यक्रमाच्या पुनःप्रक्षेपणातून त्याने सादर केलेले भाग गाळले. ‘सर’ ही पदवी काढून घ्या, अशी ओरड झाली, तर उत्तर आलं: माणूस मेला की पदवी संपतेच, काढणार काय? म्हणजे वेळेवर मरण्यातही बेट्याने बाजी मारली.

ब्रॉडमूरच्या मनोरुग्णालयाच्या चाव्या त्याच्या खिशात असत. त्या दगडाने दिल्या नव्हत्या. बीबीसीतल्या कर्मचाऱ्यांना कुणकुण होती, पण ती वरिष्ठांच्या कानावर गेली नाही म्हणे. घराघरांत आवाज पोचवणं हाच जिचा धंदा, तिला दोन मजले वर आवाज पोचवता आला नाही!

माजी न्यायाधीश डेम जॅनेट स्मिथ यांच्या 2016 च्या चौकशी अहवालात बीबीसीच्या कामाशी संबंधित त्याचे 72 बळी नोंदले आहेत.