ओटीपी गेला पुण्याला

भिंतीला कान असतात म्हणतात. पुसेगावात तुराट्यांच्या कुडाला तोंडही असतं.

"काकू, झाली का वो लाडक्या बहिणीची केवायसी?"

"कशाची होतीय माय! दिवसा ती वेबसाइट हालत नाही म्हनून रातच्याला बारा वाजता सुनेला घेऊन बसले. आधार नंबर टाकला, अन् ओटीपी गेला पुण्याला."

"पुण्याला?"

"आधारला पोराचा नंबर हाय ना. त्यो रातपाळीला, मोबाइल लॉकरात. सकाळी फोन करून इचारतो, आई, सहा ओटीपी आलेत, कोंचा सांगू? तवर सगळे मरून गेल्ते."

"माझं उलटंच. माझा आला, ह्यांचा येईना. नवऱ्याचाबी लागतो म्हने. नवरा नसंल तर बापाचा."

"अन् दोघंबी नसले मंग?"

"तीच तर बोंब झाली! आपल्या गल्लीतल्या आत्याबाई म्हनल्या, मालक गेले, बाप तर कवाचाच गेला, आता वरून कोन धाडतंय ओटीपी? 2025 च्या सप्टेंबरात काढलं हे, अन् नोव्हेंबरात सरकारच्या ध्यानात आलं. मंग म्हनले, मृत्यूचा दाखला अंगणवाडीताईपाशी द्या. मुदत 31 डिसेंबर केली."

"खात्याच्या मंत्री तर बाईच हायत की, आदिती तटकरे."

"तेच म्हनते मी! अन् ग्रुपवर रोज नवी लिंक येतीय. खरी कोंची, खोटी कोंची, कसं कळावं? तलाठ्याच्या आधी ग्रुपला कळतंय सगळं, खरंबी अन् खोटंबी."

"पर सातबाऱ्याचं बरं झालं बाई. 15 रुपयात सहीसकट निघतोय. पयले तेवढ्यासाठी कित्ती चकरा व्हायच्या."

"निघतोय, पर त्याच्यावर पीक कोन लिहितंय? आपणच! पयले तलाठी चावडीत बसून लिहायचा. वावरात हळद का असंना, मागल्या साली कापूस म्हनून अवंदाबी कापूस. 2021 च्या 15 ऑगस्टपासून ई-पीक पाहणी आली, आता वावरात जाऊन आपणच फोटो काढायचा."

"काम आपलं, पगार त्याचा."

"तसं नगा म्हनू. कापसाच्या जागी हळद तरी लागली. पर काल हे हरभऱ्यात उभे, मोबाइल डोईवर धरून. तर त्यो म्हनतो कसा, तुम्ही गटापासून दूर आहात! चार पिढ्यांचं वावर, अन् ह्यांला म्हनतो तुम्ही भाईर!"

"अगं बाई. मंग?"

"मंग काय, इकडं सरका, तिकडं सरका. पार तुमच्या बांधापाशी गेले तवा कुठं फोटो निघाला. घरी येऊन म्हनायलेत, हरभरा जरा अरुंदच दिसायलाय अवंदा."

"म्हंजी?"

"काही नाही. म्हनले, बांध हलल्यावानी वाटतोय."

"बांध? आमच्या मालकानं कोरला म्हनायचं का तुला?"

"मी कुठं म्हनलं काकू? मोबाइलच म्हनायलाय."

"त्या मोबाइलला काय कळतंय गं! इतकंच असंल तर मोजणी मागव."

"मागवते की. अर्ज ऑनलाइनच हाय."

"भर मंग. ओटीपी तरी कोनाच्या मोबाइलवर येतोय बघू!"