पहिली उचल

बी.ए.च्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात लोकशाहीच्या अर्धा डझन व्याख्या आहेत. त्या मी पाठ केल्या, परीक्षेत जशाच्या तशा उतरवल्या, मार्कही बरे पडले. पुढं ७ मे २०२४ ला बोटाला पहिल्यांदा शाई लागली आणि उमजलं, की या व्याख्या करणारे विद्वान हातकणंगले लोकसभा मतदारसंघात कधी फिरकलेले नाहीत. शिरोळात तर नाहीच नाही. त्यातला एखादा जरी गळीत हंगामात महिनाभर इथं राहिला असता, तर आमचं पुस्तक निम्म्या पानांत आटोपलं असतं.

हा मतदारसंघ २००८च्या पुनर्रचनेतला, म्हणजे वयानं माझ्याहून धाकटा. शाहूवाडीच्या डोंगरातून निघतो, हातकणंगले-इचलकरंजी घेत शिरोळला येतो आणि वारणा ओलांडून सांगली जिल्ह्यातलं इस्लामपूर नि शिराळाही पोटात घालतो. पाऊस शाहूवाडीत पडतो, पूर आम्हाला येतो, पाहणी दौरा दोन्हीकडं होतो. नृसिंहवाडीला पाणी पादुकांवरून वाहत दक्षिण दारानं बाहेर पडलं, की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि माणसं स्नानाला धावतात. कृष्णा-पंचगंगा आमच्या दारात बोलावल्याशिवाय येतात. लोकप्रतिनिधीला बोलावून आणावं लागतं. तरी प्रदूषित म्हणून नाव निघतं ते पंचगंगेचंच.

या पंचगंगेबद्दल एक सांगायला हवं. मला वाचता येऊ लागल्यापासून प्रत्येक निवडणुकीत ती शुद्ध होत आली आहे. लोकसभेला शुद्ध झाली, विधानसभेला शुद्ध झाली, प्रत्येक जाहीरनाम्यात झाली. इतक्यांदा शुद्ध होऊनही तेरवाड बंधाऱ्यावर मासे मरून तरंगतात, हा त्या माशांचा नतद्रष्टपणा. जाहीरनामे वाचत नाहीत, दुसरं काय.

घटनादुरुस्तीच्या प्रकरणात आम्हाला शिकवलं, की ६१व्या दुरुस्तीनं मतदानाचं वय २१ वरून १८ वर आणलं. त्या हिशेबानं मी भारत सरकार निवडण्याइतका शहाणा झालोय. पण माझ्याच कॉलेजचा विद्यार्थी प्रतिनिधी मत देऊन निवडण्याइतकी अक्कल मला अजून आलेली नाही, असं सरकारचं मत दिसतं. महाराष्ट्रात १९९४च्या विद्यापीठ कायद्यानं कॉलेजातल्या खुल्या निवडणुका बंद केल्या. पोरांना पैशाची आणि हाणामारीची सवय लागू नये, हा उद्देश. ही दोन्ही कामं अनुभवी माणसांकडं राहिलेली बरी, हेही खरंच. २०१६च्या नव्या कायद्यानं त्या निवडणुका परत आणल्या, कागदावर. २०१९ ला होणार होणार म्हणेपर्यंत विधानसभेची निवडणूक आली म्हणून पुढं ढकलल्या. निवडणूक आली म्हणून निवडणूक पुढं गेली. यावर दहा मार्कांचा प्रश्न काढा म्हणावं.

आणि स्थानिक स्वराज्य संस्था म्हणजे लोकशाहीची शाळा, हे वाक्य कुठल्याही उत्तरात घातलं की मास्तर खूश होतात. कोल्हापूर जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ ला संपली. पुढची तीन वर्षं उलटली तरी तिथं प्रशासक बसले होते. शाळेला कुलूप, आणि आम्ही थेट बोर्डाच्या परीक्षेला.

पक्षांतरबंदी कायदा, १९८५, दहावी अनुसूची, हा पाच मार्कांचा हमखास प्रश्न. इतर जिल्ह्यांतली पोरं तो दहा ओळींत लिहून मोकळी होतात. आम्हाला उदाहरणं द्या म्हटलं की पुरवणी मागावी लागते. रुकडीच्या माने घराण्यात बाळासाहेब माने काँग्रेसचे खासदार. त्यांच्या सूनबाई निवेदिता माने १९९९ आणि २००४ ला राष्ट्रवादीच्या खासदार. नातू धैर्यशील माने २०१९ ला शिवसेनेचे खासदार आणि २०२४ ला पुन्हा शिवसेनेचेच, पण दुसऱ्या. स्वाभिमानी संघटनेचे राजू शेट्टी २०१४ ला महायुतीबरोबर, २०१९ ला काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर, २०२४ ला एकटे. उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेची मशाल हातात घ्या म्हणून निरोप होता, त्यांनी घेतली नाही. आमचे आमदार राजेंद्र पाटील-यड्रावकर २०१९ ला अपक्ष निवडून आले, उद्धव ठाकरे यांच्या सरकारात राज्यमंत्री झाले आणि २०२२ ला एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गुवाहाटीला दिसले. २०२४ ला त्यांनी स्वतःचीच आघाडी काढून निवडणूक जिंकली. पक्ष बदलण्यापेक्षा पक्ष घरचाच असलेला बरा, यात दूरदृष्टी आहे.

एवढा गुंता मी परीक्षेपुरता सोडवला. घरी मात्र आज्जीपुढं हात टेकले. मतदानाच्या आदल्या दिवशी तिनं मला उंबऱ्यावर बसवून घेतलं.

"गेल्या बारीला बाण हुता. औंदा बी हाय न्हवं?"

"हाय की. शिवसेनेचा."

"मग ती मशाल कुणाची?"

"ती पण शिवसेनेचीच."

"दोन्ही शिवसेनाच, तर भांडण कशापायी?"

मी तिला सर्वोच्च न्यायालय, निवडणूक आयोग, विधानसभा अध्यक्ष असं सगळं क्रमानं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "आमच्या भावकीत बी असंच झालतं. शेवटी बांध कोर्टात गेला आणि रान पडीक राहिलं." राज्यशास्त्राची पदवी मिळायला मला तीन वर्षं आणि सहा सेमिस्टर लागतात.

आज्जाची गोष्ट वेगळी. तो अजून 'एक व्होट, एक नोट'वर अडकलाय. माझ्या पिढीला सांगायला हवं, ही घोषणा आमच्याच तालुक्यातली. उमेदवाराकडं पैसा नाही, तेव्हा मतदारानं मतही द्यायचं आणि वर खिशातली नोटही द्यायची. शेट्टी २००४ ला शिरोळमधून अपक्ष आमदार झाले, २००९ ला खासदार झाले, २०१४ ला पावणेदोन लाखांवर मताधिक्य घेऊन पुन्हा खासदार झाले, ते असल्या नोटांवर. "सभेत झोळी फिरायची," आज्जा सांगतो, "दहाची घालायचो. ज्यानं नोट दिली तो मत द्यायला चुकत नव्हता गा. आपलं पैसं अडकल्यालं असायचं न्हवं." राजकीय अर्थशास्त्राचं एवढं सरळ विवेचन मला कुठल्याही संदर्भग्रंथात सापडलेलं नाही.

आता नोट उलट्या दिशेनं वाहते, असं जाणकार सांगतात. मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, त्यामुळं आरोप करणार नाही. मी पाहिलं ते एवढंच. ६ मेच्या रात्री मुंबई इंडियन्सची मॅच होती आणि आमच्या गल्लीत एकाही घरात टीव्ही चालू नव्हता. सगळे दारात. मोटारसायकली दिवे न लावता फिरत होत्या, कुत्री घसा बसेपर्यंत भुंकत होती आणि एरवी नऊला झोपणारे शेजारचे काका साडेअकराला शतपावली करत होते. "झोप येईना गा, उकडतंय," म्हणाले. बारा वाजता त्यांचं उकडणं एकदम थांबलं. घरात गेले, दार लावलं.

कायद्यानं लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांपर्यंत खर्च करता येतो. आमच्याकडं मतदार अठरा लाखांच्या वर. म्हणजे माणशी पाच रुपये आणि वर काही पैसे. या पाच रुपयांत बॅनर, रिक्षा, भोंगा, स्टेजवरचे गुच्छ, हेलिकॉप्टरची धूळ बसवायला पाण्याचा टँकर आणि ढाब्यावरचा तांबडा-पांढरा एवढं सगळं बसवलं जातं, तेही पै-पैचा हिशेब सादर करून. घर चालवणाऱ्या बायकांची एक सहल या लोकांकडं शिकायला न्यावी, अशी माझी एनएसएसच्या सरांना सूचना होती. त्यांनी त्याऐवजी आम्हाला मतदार जागृती फेरीला नेलं. भर उन्हात 'चला मतदान करूया' असं ओरडत आम्ही अशा गल्ल्यांतून फिरलो, जिथं जागृती आधीच रात्री होऊन गेली होती.

ही निवडणूक कळायची तर उसाचा हंगाम कळायला हवा. कारखाना ऊस नेतो तेव्हा आधी पहिली उचल मिळते. उरलेल्या पैशाची शेतकरी वाट बघत बसतो. तोडीची पाळी चिटबॉयच्या हातात, टोळीला खुशाली द्यावी लागते, ट्रॅक्टरवाल्याला एन्ट्री. काट्यावर ऊस हलका भरतो हा आमचा जुना संशय, मतदान यंत्रावर देश संशय घ्यायला लागण्याच्या कितीतरी आधीचा. काट्याची पावती निदान खिशात घालता येते, व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद तोंड दाखवून डब्यात पडते. मतदारालाही पहिली उचल मिळते, ती ६ मेच्या रात्री किंवा सभेतल्या भाषणात, ज्याच्या त्याच्या नशिबानं. दुसरा हप्ता मात्र पाच वर्षांनी येतो, आणि तो नव्या हंगामाची पहिली उचल म्हणून येतो.

तरी शेतकरी काही भोळा नाही. नोव्हेंबर २०२३ ची गोष्ट. मागच्या हंगामाच्या उसाला टनाला ४०० रुपये जादा द्या म्हणून स्वाभिमानी संघटना पुणे-बेंगळुरू महामार्गावर शिरोलीजवळ बसली, रस्ता तासन्‌तास बंद राहिला. तोड निघाली ती अशी, की ज्या कारखान्यांनी ३००० रुपयांच्या आत दर दिला त्यांनी १०० रुपये आणि ज्यांनी वर दिला त्यांनी ५० रुपये जादा द्यावेत. गावोगाव फटाके वाजले. पुढं सहा महिन्यांच्या आत मतदान झालं आणि मोजणीत शेट्टी तिसऱ्या नंबरवर. १ लाख ८० हजारांच्या आत गाडी थांबली. धैर्यशील माने आणि मशालवाले सत्यजित पाटील-सरूडकर यांची मात्र शेवटपर्यंत खेचाखेच चालली आणि माने १३ हजार ४२६ मतांनी निवडून आले.

४ जूनला चहाच्या गाड्यावर फेरीगणिक आकडे ऐकत होतो. तिथं एक बागायतदार आरामात पाय पसरून बसले होते. मी विचारलं, "दादा, दर कुणी मिळवून दिला?"

"शेट्टींनी. त्यात शंका न्हाय."

"आणि मत?"

"त्येचा काय संबंध?" ते मनापासून चकित झाले. "रस्त्यावर बसायला शेट्टी पायजेत. दिल्लीला गेल्यावर रस्त्यावर कोण बसणार?"

यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. चळवळीच्या नेत्याला निवडून दिला तर चळवळ बंद पडते, म्हणून त्याला पाडून चळवळ जिवंत ठेवायची. असा मतदार जगाच्या पाठीवर दुसरीकडं असेल तर दाखवा. शेट्टींनीही तक्रार केली नाही. सरकारनं २०२२ ला एफआरपीचे, म्हणजे उसाच्या रास्त दराचे, तुकडे करायला परवानगी दिली होती, त्याविरुद्ध ते उच्च न्यायालयात गेलेले होते. मार्च २०२५ मध्ये न्यायालयानं तो शासन निर्णय रद्द केला. एकरकमी पैसे मिळायचा हक्क शाबूत राहिला, त्यांना मत देणाऱ्यांचा आणि न देणाऱ्यांचाही.

निमशिरगाव आमच्याच तालुक्यातलं. तिथले रत्नाप्पाण्णा कुंभार घटना समितीत होते, राज्यघटनेवर त्यांची सही आहे. २०२४च्या प्रचारात प्रत्येक व्यासपीठावर घटना धोक्यात होती किंवा अजिबात धोक्यात नव्हती. त्या घटनेवर सही करणारा एक माणूस इथून एस.टी.च्या अंतरावर जन्मला, हे आमच्या वर्गात किती जणांना माहीत आहे म्हणून विचारलं. तिघांनी हात वर केले. त्यातल्या एकाला पाण्याची बाटली भरायला बाहेर जायचं होतं.

आता मोठी माणसं 'एक देश, एक निवडणूक' म्हणतायत. डिसेंबर २०२४ ला तसं विधेयक लोकसभेत मांडलंही गेलं. आमची हरकत नाही. फक्त उसाला दोन शेजारच्या कारखान्यांचा दर एक होत नाही तिथं देशाच्या निवडणुका एक कशा होणार, एवढं कोणीतरी समजावून सांगावं. शिवाय पहिली उचल पाच वर्षांत एकदाच मिळणार असेल, तर शेजारच्या काकांना उकडायचं तरी किती वेळा?

मी विचारांती एक अर्ज तयार केला आहे. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस कारखान्यात गेल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यावे लागतात, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. हाच नियम जाहीरनाम्याला लावावा, एवढीच मागणी आहे. मतदान झाल्यापासून १४ दिवसांत आश्वासनाचं काम सुरू झालं पाहिजे. नाही झालं तर त्या दिवसापासून १५ टक्के व्याज. शंभर किलोमीटर रस्ता म्हणाला असाल, तर पुढच्या वर्षी एकशे पंधरा. पंचगंगेचं व्याज किती होईल, ते काढायला कॉमर्सच्या पोरांना बसवलंय. अजून त्यांचा आकडा आलेला नाही.

अर्ज निवडणूक आयोगाला जाणार आहे. सह्या पाहिजेत. रविवारी सकाळी दहाला शिरोळच्या एस.टी. स्टँडवर भेटा. आधार कार्ड नको, मतदार यादीतलं नावही नको. पाकीट मिळणार नाही, चहासुद्धा नाही. उलट अर्जाच्या झेरॉक्सचे दोन रुपये तुम्हालाच द्यावे लागतील. सुटे घेऊन या.