पुन्हा निळं व्हायलंय

मे महिन्यात चिकलठाणा वेधशाळेचा पारा 42 अंशांच्या वर गेला की दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट येते, तोंडाला रुमाल बांधलेल्या मुलींचा फोटो येतो आणि जालना रोडवरच्या रसवंत्यांना बरकत येते. चिकलठाणा एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडांना मात्र ऊन किती चढलं हे कळायला पेपर लागत नाही. शेडच्या कोपऱ्यात ॲल्युमिनियमच्या पार्टिशनची केबिन असते आणि केबिनमध्ये एक डेस्कटॉप असतो. टॅली, जीएसटी, ई-वे बिलं, मालकांच्या पुतण्याच्या लग्नाचे फोटो आणि कुणीही कधी न उघडलेलं एक जुनं कोटेशन, असा सगळा संसार त्याच्या पोटात. दुपारी तीनच्या सुमारास तो अचानक निळा पडतो.

"सर, पुन्हा निळं व्हायलंय!"

अकाउंटंट काकांची ही हाक लेथच्या आवाजावरही ऐकू जाते. कारखान्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही. त्या रस्त्यावरच्या निम्म्या शेडना तो आपलाच वाटेल.

हाक ऐकून मालक केबिनमध्ये पोहोचेपर्यंत पडद्यावर विंडोजचं चिन्ह येऊन गोल फिरायला लागलेलं असतं. कारण विंडोजची मूळ सेटिंगच अशी आहे की कोलमडल्यावर त्याने झाल्या प्रकाराची नोंद करावी आणि कुणी विचारायच्या आत आपण होऊन पुन्हा सुरू व्हावं. काकांकडे पुरावा म्हणून मोबाइलवर काढलेला फोटो असतो. त्यात वरची ट्यूबलाइट, काकांचा अंगठा आणि पडद्यात पडलेलं त्यांचंच प्रतिबिंब स्वच्छ दिसतं. एररचं नाव तेवढं दिसत नाही.

मग निदान सुरू होतं, आणि या बाबतीत एमआयडीसीत कुणी मागे नाही. लेथवरचा ऑपरेटर हात पुसत येऊन "व्हायरस असंल" म्हणतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला मालकांचा भाचा सगळा दोष विंडोज अपडेटवर टाकतो. शेजारच्या प्लॉटचे मालक चहा पिता पिता सांगतात, आमचंबी असंच व्हायचं, आम्ही लॅपटॉप घेतला. शेवटी शहरातल्या कॅनॉट बाजारातून कॉम्प्युटरवाला येतो. त्याच्याजवळ सर्व रोगांवर एकच औषध: फॉरमॅट.

"फॉरमॅट मारून देतो सर. एकदम नवा होईल."

फॉरमॅट मारला जातो. नव्या विंडोजवर टॅली बसते, डेटा पेन ड्राइव्हवरून परत येतो, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मात्र ओळख दाखवत नाही. त्याच्या ड्रायव्हरची सीडी कपाटात कुठे आहे हे शोधण्यात एक दुपार जाते. चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी पुन्हा तोच निळा रंग. कॉम्प्युटरवाल्याची बाजूही तशी खरी असते: "दुकानात दिवसभर चालवून बघितला सर, काहीच प्रॉब्लेम नाही." दुकानात एसी आहे हे त्याच्या लक्षात येत नाही आणि शेडमध्ये एसी नाही याची आठवण करून द्यावीशी मालकांना वाटत नाही.

यानंतर इलेक्ट्रिशियनचा नंबर. त्याने टेस्टर कॅबिनेटला लावला आणि टेस्टरमधला दिवा मिणमिणला. "साब, ये देखो. अर्थिंगच नै ना!" काकांना गेले कित्येक महिने कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या, पण ते त्याला वयाचा परिणाम समजत होते. इथे इलेक्ट्रिशियनचं शंभर टक्के बरोबर होतं. एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये, विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून कॅबिनेटला जोडलेले. अर्थिंग तुटलं की कॅबिनेट या दोघांच्या मधोमध लटकतं आणि त्यावर जवळपास निम्मा व्होल्टेज येऊन बसतो. करंट अगदी थोडा असतो म्हणून झिणझिण्यांवर भागतं.

अर्थिंगच्या खड्ड्यात पाइप, कोळसा आणि मीठ असतं, आणि त्याला ओल लागते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंगही वाळतं. मग त्या खड्ड्यात बादल्यांनी पाणी ओतलं गेलं. पैठणला जायकवाडीसारखं धरण असूनही ज्या शहरात नळाला पाणी कधी येणार यावर घरातले लग्नाचे मुहूर्त सोडून बाकी सगळे कार्यक्रम ठरतात, त्या शहरातल्या माणसाने भरल्या बादल्या जमिनीत रिकाम्या होताना बघणं सोपं नाही. काकांनी तोंड फिरवलं.

पण झिणझिण्या गेल्या! आणि संध्याकाळी वळीव आला, पत्रा थंड झाला, दोन दिवस आभाळ राहिलं. कॉम्प्युटर निळा पडला नाही. इलेक्ट्रिशियनची ख्याती तीन प्लॉटपर्यंत गेली. अधूनमधून येणाऱ्या बिघाडाची हीच तर गंमत आहे: तो आपल्या मर्जीने जातो आणि जायच्या आधी ज्याने शेवटचा हात लावला असेल त्याच्या नावावर यश लिहून ठेवतो. ऊन पुन्हा तापलं तसा निळा रंग परतला. इलेक्ट्रिशियन म्हणाला, पाणी कमी पडलं.

या प्रकारात चिकलठाणा एकटं नाही, हे काकांना कुणीतरी सांगायला हवं होतं. 20 एप्रिल 1998 रोजी शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर, भरल्या सभागृहात, त्यांच्या सहकाऱ्याने विंडोज 98 ची करामत दाखवण्यासाठी एक स्कॅनर जोडला आणि पडद्याने जागच्या जागी निळं होऊन दाखवलं. लोक हसले, टाळ्या वाजल्या. म्हणूनच हे अजून बाजारात आणलेलं नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलून गेट्स यांनी वेळ मारून नेली. जगातल्या तेव्हाच्या सर्वांत श्रीमंत माणसाला जे चुकलं नाही ते काकांना कसं चुकणार? निळ्या पडद्यावरचा रडका चेहरा नंतर आला, 2012 साली विंडोज 8 बरोबर. 2025 साली मायक्रोसॉफ्टने विंडोज 11 मध्ये निळा रंगच काढून टाकला आणि पडदा काळा केला. चेहराही गेला. यात बिघडलेल्या मशीनचा काय फायदा, ते कंपनीलाच ठाऊक.

आणि 19 जुलै 2024 चा शुक्रवार तर विसरण्यासारखा नाहीच. आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक सदोष फाइल जगभर पाठवली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे 85 लाख विंडोज मशीन निळी पडली. चूक दीड तासाच्या आत मागे घेतली गेली, पण पडलेली मशीन उठवायला प्रत्येकासमोर माणूस बसवावा लागला: सेफ मोडमध्ये जा, ती एक फाइल शोधा, उडवा, पुन्हा सुरू करा. विमानतळांवर रांगा लागल्या आणि आपल्या देशात प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास आले. आपल्या गोष्टीतला डेस्कटॉप त्या दिवशी झकास चालला. क्राउडस्ट्राइकचं महागडं संरक्षण मोठ्या कंपन्यांना परवडतं. इथे मुदत संपलेला अँटिव्हायरस होता आणि कोपऱ्यातून रोज नूतनीकरणाची आठवण करून देत होता. मालकांनी हा काटकसरीचा विजय मानला. शिवाय जुलै होता, पाऊस होता, पत्रा थंड होता.

पुढच्या उन्हाळ्यात तिढा सोडवला तो आयटीआयच्या ॲप्रेंटिस मुलीने. आयटीआयमध्ये कॉम्प्युटर ऑपरेटरचा कोपा नावाचा ट्रेड असतो, तो करून ती आली होती. तिला बिलं टाइप करायला बसवलं होतं. तिने आल्या आल्या सेटिंगमध्ये जाऊन आपोआप रिस्टार्ट होण्यासमोरची टिक काढली. आता निळा पडदा जागेवर थांबायचा. एका जुन्या डायरीत ती तारीख, वेळ आणि पडद्यावरचं नाव उतरवू लागली. इतक्या दिवसांत हे कुणीच केलं नव्हतं. सगळ्यांनी मशीन उघडलं होतं, मशीन काय सांगतंय ते कुणी वाचलं नव्हतं.

डायरीत एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, एकदा आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल असं जमत गेलं. भाच्याने विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधून कर्नल पॉवर 41 नावाची लाल नोंद शोधून काढली आणि पॉवर सप्लाय बदला असा निकाल दिला. ही नोंद म्हणजे पोलिसांचा पंचनामा: मशीन नीट बंद न होता पडलं एवढंच त्यात असतं, कुणी पाडलं ते नसतं. हा पंचनामा वाचून देशात किती चांगले एसएमपीएस भंगारात गेले असतील!

"सर, नाव दर वेळी वेगळं येऊ लागलंय," ती म्हणाली.

यात सगळं आलं. दर वेळी तेच नाव आणि सोबत तीच ड्रायव्हरची फाइल आली असती, तर संशय सॉफ्टवेअरवर गेला असता. ड्रायव्हरही काही कमी गुन्हेगार नाही. 2003 सालच्या एका गाजलेल्या शोधनिबंधात विंडोज एक्सपीच्या 85 टक्के बिघाडांचं खापर ड्रायव्हरवर फोडलेलं आहे. प्रोसेसर अति तापला तर मशीन बहुधा निळं न पडता सरळ बंद होतं. पण आज एक, उद्या दुसरं, परवा तिसरं असं व्हायला लागलं की आधी रॅमकडे बघायचं. रॅममध्ये एक जरी बिट फिरला तरी तो कुणाच्या हिशेबात सापडेल ते त्या वेळी तिथे कोण बसलंय यावर ठरतं.

रॅमचं नाव निघताच कॅनॉटवाला परत आला आणि त्याने खिशातून पांढरं खोडरबर काढलं. हा आपल्याकडचा खास उपचार आहे आणि तो थट्टेचा नाही. रॅमच्या पट्टीच्या काठावरची सोनेरी टोकं काळपट पडली की ती खोडरबराने हलक्या हाताने घासायची, चुरा फुंकून टाकायचा, पट्टी दोन्ही बाजूंनी खटका वाजेपर्यंत दाबून बसवायची. अशी जिवंत झालेली मशीन गावोगाव सापडतील. पंखा काढला तर त्याच्या पात्यांवर कूलंटच्या तेलाची वाफ आणि धूळ मिळून फेल्टसारखा थर बसलेला. तोही खरवडला. काम चोख झालं. दुखणं तसंच राहिलं.

मग मेमटेस्ट. पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं, विंडोजला येऊच द्यायचं नाही आणि रॅमचा कोपरा न् कोपरा लिहून-वाचून तपासायचा. रात्रभर लावून ठेवली तर सकाळी एकही चूक नाही. भाच्याने रॅमला निर्दोष सोडलं. मुलगी म्हणाली, रात्री कुठं निळं होतंय? टेस्ट दुपारी लावा. नेमकी 20 तारीख, म्हणजे जीएसटीच्या 3बी रिटर्नची शेवटची तारीख. काकांनी मशीन द्यायला साफ नकार दिला. शेवटी जेवणाच्या सुट्टीवर तडजोड झाली. डबा खाऊन काका परतले, तर पडदा निळा. "झालं! पुन्हा!" त्यांनी डोक्याला हात लावला. मेमटेस्टचा पडदा मुळातच निळा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या निळ्यावर लाल ओळी मात्र भराभर उमटत होत्या, आणि खरी बातमी ती होती.

रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर, आणि तो सतत गळत असतो. म्हणून 64 मिलिसेकंदांच्या आत त्याला पुन्हा भरावं लागतं. चिप 85 अंशांच्या पुढे तापली तर निम्म्याच वेळात. जो कपॅसिटर जन्मतःच कच्चा आहे तो गारव्यात कसाबसा तग धरतो आणि ऊन चढलं की हात टेकतो. गूगलच्या मशीनवर झालेला 2009 सालचा अभ्यास सांगतो की त्यांच्या जवळपास एक तृतीयांश मशीनमध्ये वर्षातून एकदा तरी मेमरीची चूक सापडली, पण तापमानाचा त्यावर परिणाम आश्चर्य वाटावं इतका थोडा दिसला. हे संशोधक चिकलठाण्याच्या पत्र्याखाली बसलेले नव्हते.

पट्ट्या दोन होत्या. एक काढायची, एकच ठेवायची, टेस्ट लावायची; मग दुसरी. जुनी, मूळची पट्टी स्वच्छ निघाली. लाल ओळी आल्या त्या मशीन हळू चालतं म्हणून नंतर टाकलेल्या पट्टीवर, आणि कोणत्याही खाचेत बसवली तरी आल्या. म्हणजे खाच नव्हे, पट्टीच.

मालकांचा चेहरा खुलला. रॅमला दहा-दहा वर्षांची वॉरंटी असते, त्यांनी ऐकलं होतं. बिल काढा. काकांनी फाइल काढली, कारण काकांकडे फाइल नसलेलं काही नाही. पण त्या फाइलमध्ये ते बिल नव्हतं. टॅलीत नोंद होती: रिपेअर खर्च, रोख. तेव्हा कॅनॉटला दुकानदाराने विचारलं होतं, बिल पाहिजे की बिनबिलाचं, आणि 18 टक्के वाचवल्याच्या आनंदात मालक स्कूटरवरून पट्टी घेऊन आले होते. काका काही बोलले नाहीत. फक्त ती नोंद पडद्यावर जरा जास्त वेळ उघडी ठेवली.

नवी पट्टी काका स्वतः जाऊन घेऊन आले, पक्क्या बिलाने, जीएसटी नंबर टाकून. बिल थर्मल कागदावर होतं आणि त्याची शाई उडते, म्हणून आधी त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या. आता हा खर्च दुरुस्तीत दाखवायचा की कॉम्प्युटरच्या किमतीत मिळवून त्यावर घसारा काढायचा, यावर त्यांचा सीएबरोबर फोनवर वाद चालू आहे.