बा सिग्नल म्हाराजा!

सिंधुदुर्गातला मुलगा मुंबईत इंजिनिअरिंगला असला की त्याच्याकडे दोन कॅलेंडरं असतात. एक विद्यापीठाचं, त्यात परीक्षा असतात. दुसरं खरं, त्यात गणपती असतात. या खऱ्या कॅलेंडरचं नववर्ष उजाडतं ते चतुर्थीच्या साठ दिवस आधी, सकाळी आठ वाजता. त्या मुहूर्तावर रेल्वेचं आरक्षण उघडतं आणि पापणी लवायच्या आत संपतं. एरवी आठच्या लेक्चरला ज्यांना हलवून जागं करावं लागतं, असे आमच्या होस्टेलमधले झाडून सगळे मालवणी त्या दिवशी आंघोळ करून लॅपटॉपपुढे बसले होते. एकाने तर उदबत्ती लावली होती. मला आरएसी मिळालं. म्हणजे अर्धी सीट. उरलेली अर्धी कोणाची, हे त्या गणरायालाच ठाऊक.

आमची गाडी दादरहून रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते. या पाच मिनिटांत तारीख बदलते आणि दरवर्षी एखादा तरी चाकरमानी कालचं तिकीट हातात धरून टीसीशी पंचांगावर वाद घालत असतो. बाकीचा डबा तोवर सामान लावतो. मखराचे पुठ्ठे, लाइटच्या माळा, पखवाज, आणि एक भलामोठा टेबल फॅन. फॅनला खिडकी मिळाली.

माझ्या अर्ध्या सीटचे दुसरे मालक कणकवलीचे आजोबा निघाले. बसल्या बसल्या उलटतपासणी सुरू झाली.

"कुणाचो रे तू?"

मी नाव सांगितलं, गाव सांगितलं.

"म्हणजे शाळेमागच्या घरातलो! तुझ्या बापाशीक मी वळाखतंय. काय शिकतंस?"

"इंजिनिअरिंग."

समोरच्या काकू ताडकन उठून बसल्या. "मगे आमचो मिक्सर बगशीत?"

मिक्सर खरोखरच त्यांच्या पिशवीत होता. पनवेल येईपर्यंत मेसची पोळी कच्ची असते, मी बारीक झालोय आणि मिक्सरमधलं मला काही कळत नाही, ही माहिती डब्याच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती.

झोप येणार नव्हतीच. आजोबा रेल्वे येण्याआधीचे दिवस सांगू लागले. तेव्हा या मार्गावर गाडी नव्हती. रात्रभर एसटीत बसून कशेडी घाट उतरायचा आणि पोटातलं सगळं घाटालाच वाहायचं. "तुमका आता सगळा आयता!" असं म्हणून त्यांनी आयते पाय माझ्या मांडीवर सोडले.

रोह्यापासून वीरपर्यंत रूळ दुहेरी आहेत, तोवर गाडीही ऐटीत जाते. वीरच्या पुढे मात्र एकच मार्ग आणि दोन्हीकडच्या जादा गाड्या. चिपळूण सोडल्यावर उजाडता उजाडता गाडी एका छोट्या स्टेशनात थांबली आणि थांबूनच राहिली. बाहेर हिरवंगार शेत, पाऊस आणि लाल सिग्नल. आईचे फोन सुरू झाले. "गाडी खंय पोचली?" मी म्हणालो, "थंयच." अखेर आजोबा उठले, टोपी नीट केली, खिडकीकडे तोंड करून हात जोडले आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं.

"बा सिग्नल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आख्खा डबा गरजला.

"आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे खोळंबली आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"ती समोरची गाडी बेगीन येव दे, आणि ज्या कोणी तुका लाल करून ठेवल्यान, तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

समोरून गाडी धडधडत गेली, सिग्नल हिरवा झाला. पुढे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागला. तिथे फोन बंद आणि आवाजामुळे काकूही बंद. प्रवासात तेवढीच काय ती झोप मिळाली.

कणकवलीला आजोबा उतरले. कुडाळला बाबा स्कूटर घेऊन हजर होते. गाडी उशिरा आली, बातमी वेळेवर पोचली होती. "पोळी कच्ची असता म्हणे?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता हातात सुंभ दिला. "माटवी बांधूची हा. चल."

घरी जाऊन लोळायचं, असं मी किती दिवस मनात घोकत होतो! पण दुपारपर्यंत मी शिडीवर होतो आणि गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या त्या माटवीला नारळ, कवंडाळं, हरणं कुठे बांधायची यावर खालून सात जण सात मतं देत होते. स्वयंपाकघरातून मोदकांचा वास येत होता, पण नैवेद्याआधी त्या दिशेला बघायचीही चोरी.

दुसऱ्या दिवशी आरती झाल्यावर बाबांनी गाऱ्हाणं घातलं. गुराढोरांचं झालं, भातशेतीचं झालं, आंब्याच्या मोहराचं आगाऊ झालं. शेवटी म्हणाले, "आणि आमच्या झिलाचा परतीचा तिकीट कन्फर्म होव दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं घर ओरडलं.

आई तेवढी गप्प राहिली. तिकीट अजून वेटिंगवरच आहे.