घरबसल्या फिरस्ता

जगाला 'घरबसल्या कमवा' असं सांगणारा माणूस स्वतः घरी सापडेल तर शपथ. भोर-वेल्ह्याकडं ही जमात अलीकडं बरीच वाढली आहे. ओळखणं सोपं. सकाळी सहाला चेलाडी फाट्यावर जो तरुण ब्लेझर अंगात न घालता हातावर घेऊन एसटीची वाट बघत उभा असतो, तो हाच. (घातला तर स्वारगेटपर्यंत चुरगळतो.) पाठीवर लॅपटॉपची सॅक, सॅकमध्ये इंद्रायणी तांदळाच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या आणि रबर लावलेला व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा. कार्डावर 'संस्थापक आणि सीईओ'. कंपनीत दुसरं माणूस एकच, तांदूळ पाखडणारी आई. तिला कार्ड नाही.

शेजारचे तात्या त्याला बसथांब्यावर गाठतातच.

"कुठं निघालास रं?"

"पुण्याला, तात्या. कॉन्फरन्स हाय."

"कशाची?"

"ऑनलाइन मार्केटिंगची."

"मग ती ऑनलाइन का न्हाय घेत?"

याला त्याच्याकडं उत्तर नसतं असं नाही, पण तेवढ्यात एसटी येते.

बाणेर-बालेवाडीकडच्या हॉटेलात तो पोचतो तेव्हा नाव असलेलं कार्ड गळ्यात अडकवलं जातं, आणि मग माणूस बदलतो. बोलण्यात 'माइंडसेट' आणि 'व्हॅल्यू' यायला लागतात. हेडसेट लावलेला वक्ता विचारतो, "किती जणांना महिन्याला दहा लाख कमवायचेत?" आपला गडी दोन्ही हात वर करतो. प्रत्येक स्लाइडचा फोटो काढतो. ते फोटो पुढं तो कधीही उघडून बघत नाही, आणि तेच भाषण यूट्यूबवर फुकट मिळणार हेही त्याला ठाऊक असतं. नोंदणीचे पैसे भाषणाचे नसतातच मुळी. ते चहाच्या रांगेचे असतात.

याबाबतीत मी त्याच्या बाजूचा आहे. स्टेजवर लोक नफा सांगतात, रांगेत तोटा सांगतात. कुठल्या पिनकोडवरून पार्सलं परत येतात, जाहिरातीचं खातं एका रात्रीत कसं बंद पडलं, कॅश ऑन डिलिव्हरीवाल्यानं दार उघडलं नाही की जायचं-यायचं दोन्ही भाडं कुणाच्या डोक्यावर बसतं, हे कुणी नावानिशी लिहून टाकत नाही. ते हातात वडा असतानाच, आजूबाजूला बघून, हळू आवाजात बोललं जातं. समोरच्याच्या गळ्यातही तसलंच कार्ड लटकत असतं, म्हणून बोललं जातं.

इंद्रायणीचंच घ्या. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात 1987 साली हे वाण तयार झालं. आंबेमोहोर 157 आणि आयआर 8 यांचा संकर. वास आंबेमोहोराचा, पण भात चिकट. मावळात याला कुणी दोष मानत नाही. दूध-भात, आमटी-भात कालवायला असाच लागतो. आपल्या सीईओंनी मात्र देशभर जाहिरात सोडली आणि बासमतीवर वाढलेल्या घरांतून एकेक स्टार यायला लागला. 'भाताचा गोळा झाला.' 'तांदूळ खराब आहे.' त्यानं रात्री जागून खुलासे लिहिले, सोबत हात जोडलेले इमोजी. उपयोग शून्य. शेवटी चहाच्या रांगेत सांगलीकडच्या हळद विकणाऱ्या एका काकूंनी पिशवीत बोट घालून चार दाणे तोंडात टाकले, चावले आणि म्हणाल्या, "अरे, चिकट होतो हे तूच पहिल्या ओळीत लिही की! ज्याला मऊ पाहिजे तो घेईल. ज्याला नको त्याच्या दारात कशाला जातोस?"

त्यानं लिहिलं. तक्रारी ओसरल्या. वर लहान मुलं आणि म्हातारी माणसं असलेल्या घरांतून मागणी सुरू झाली. त्यानं घेतलेल्या 4,999 रुपयांच्या कोर्सात हे वाक्य नव्हतं. काकूंनी त्याचे पैसेही घेतले नाहीत. एक पिशवी मात्र ठेवून घेतली.

शिवाय वास फोनमधून जात नाही, ही या धंद्यातली मोठीच अडचण. हॉलमध्ये मात्र तो ओळख करून घ्यायच्या आधीच पिशवी समोरच्याच्या नाकाखाली धरतो. एका सॉफ्टवेअरवाल्याला तर आजोळ आठवून भरून आलं आणि त्यानं तिथंच पाच किलोची ऑर्डर दिली. रोख.

समोरासमोर भेटण्याचं हे मोल मराठी माणसाला आत्ताच उमगलं असंही नाही. माधवराव भिडे यांनी 2000 साली सॅटर्डे क्लब काढला, तोच मुळी मराठी उद्योजकांनी एकमेकांना नेमानं भेटावं म्हणून. आपल्या गड्याची झेप त्याहून मोठी. बँकॉकला दर डिसेंबरात अफिलिएट मार्केटिंगवाल्यांचा जंगी मेळा भरतो, तिथं त्याला जायचंय. पासपोर्ट तयार आहे. अडचण एवढीच, की बँकॉकला कॉन्फरन्ससाठी चाललोय या वाक्यावर अख्ख्या वेल्ह्यात अजून एकाचाही विश्वास बसलेला नाही. बायकोचा तर नाहीच.

कॉन्फरन्सहून आला की दोन दिवस 'ग्रेट लर्निंग' म्हणून फोटो. नवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पहिल्या रात्री पेटतो, आठवड्यात सुप्रभातावर येतो, महिन्यात गार पडतो. उरतात तीन-चार माणसं. ती मात्र रात्री अकरालाही फोन उचलतात. मध्यंतरी तालुक्याच्या नावावरून पेच पडला तेव्हा हीच उपयोगी पडली. वेल्ह्याचं नाव राजगड करायला मंत्रिमंडळानं 2024 मध्ये मंजुरी दिली. आपल्या गड्याची सगळी मेहनत 'वेल्हे तांदूळ' या शब्दांवर झालेली. आता 'राजगड' धरावं, तर राजगड साखर कारखाना भोर तालुक्यात, आणि नुसतं राजगड शोधणारे सगळे ट्रेकवाले. त्यांना तांदूळ नको, पार्किंग पाहिजे. ग्रुपमधल्या एकानं फोनवरच निकाल दिला: दोन्ही नावं ठेव, आणि ट्रेकवाल्यांना जेवायला घाल.

त्यातूनच नवं खूळ निघालंय. राजगडाच्या पायथ्याला, गुंजवणे गावात स्वतःचीच कॉन्फरन्स भरवायची. पिठलं-भाकरी, इंद्रायणी भात, आणि रेंज लपाछपी खेळत असल्यामुळं एकमेकांशी बोलण्यावाचून गत्यंतर नाही, हे त्यानं पत्रिकेत खास आकर्षण म्हणून छापलंय. मांडव भातकाढणी उरकल्यावर. वक्ते ठरलेत, आणि आठवडे बाजारात जन्म घालवलेल्या तात्यांनाही एक सत्र दिलंय. विषय: 'उधारी कशी वसूल करावी'. सीईओंच्या स्वतःच्या 'एआय आणि आपण' या सत्राला आतापर्यंत सहा नावं आलीत. तात्यांचं सत्र भरलं.

तात्यांनी एकच अट घातली आहे. मानधन आगाऊ.