प्रेगीसा निघाला

कापुएरा या ब्राझीलच्या लढाऊ खेळाच्या प्रत्येक गटात कुणी ना कुणी कायम गाव सोडून निघालेलं असतं. आमच्या अंधेरीच्या गटात हे मानाचं पद परवापर्यंत प्रेगीसाकडे होतं. प्रेगीसा म्हणजे पोर्तुगीजमध्ये आळस. त्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नाही. ब्राझीलनं 1890च्या दंडसंहितेत कापुएरा गुन्हा ठरवली, तेव्हा पोलिसांच्या हाती खरी नावं लागू नयेत म्हणून खेळाडू टोपणनावं वापरत, असं सांगतात. बंदी केव्हाच उठली, टोपणनावं राहिली. म्हणून निरोपाच्या केकवर काय लिहू, असं बेकरीवाल्यानं विचारलं तेव्हा इतकी वर्षं त्याच्या लाथा चुकवणारे आम्ही एकमेकांची तोंडं पाहत राहिलो.

टोरांटोला नोकरी लागल्याचं त्यानं गणपतीत सांगितलं. व्हिसा यायला होळी उजाडली. या मधल्या काळात तो जितका नियमित आला, तितका आयुष्यात कधी आला नव्हता. एरवी सगळ्यांचा वॉर्म-अप उरकल्यावर कटिंग पीत उगवणारा माणूस आता कुलूप उघडायच्या आधी दारात हजर. शेवटचा वॉर्म-अप, शेवटची कोलांटी, कोपऱ्यावरचा शेवटचा वडापाव. असे शेवटचे वडापाव त्यानं किती खाल्ले, ते त्या गाडीवाल्यालाच विचारा. होदा, म्हणजे आमचं खेळाचं वर्तुळ, मोडताना निरोपाचं गाणं म्हणायची जुनी रीत आहे. पूर्वी त्या वेळी प्रेगीसा चपला शोधत असे. आता पहिल्याच ओळीला त्याचे डोळे भरू लागले. ओळीचा अर्थ त्याला अजूनही कळत नाही, हा भाग वेगळा.

खरा सोहळा म्हणजे निरोपाचा होदा. यात जाणाऱ्याला मधे ठेवायचं आणि बाकीच्यांनी एकेक करून त्याच्याशी खेळायचं. थोडक्यात, ज्याचं आपल्यावर प्रेम त्यानं येऊन लाथ मारायची आणि आपण ती हसत चुकवायची. माझ्या मते सत्कारसमारंभांतही ही पद्धत आणावी, भाषणं आपोआप आटोपतील. चौथ्या गड्यालाच प्रेगीसाला धाप लागली. दम खायला वर्तुळाच्या आतून फेरी मारायची सोय या खेळात आहे, पोर्तुगीजमध्ये तिला जगाची प्रदक्षिणा म्हणतात. त्या दिवशी तो खेळला कमी आणि चालला जास्त. शेवटी नुकतीच पहिली दोरी, म्हणजे या खेळातली पहिली पायरी, मिळालेल्या एका चिमुरडीनं त्याचा पाय झाडला आणि सत्कारमूर्ती बसकण मारून मोकळे झाले.

तिथे बसूनच त्यानं भाषण ठोकलं. "मेस्त्रे बिंबांनीसुद्धा 1973 साली साल्व्हादोर सोडलं होतं!" हे खरं आहे. 1932 साली ब्राझीलच्या साल्व्हादोर शहरात अकादमी काढून ज्या माणसानं रस्त्यावरच्या कापुएराला शिस्त आणि प्रतिष्ठा मिळवून दिली, तो आपल्या शहरात कदर नाही म्हणून उतारवयात गोयानियाला गेला, आणि पुढच्याच वर्षी तिथे वारला. हे पुढचं वाक्य प्रेगीसानं गाळलं. आपल्याला दुसरी दोरी अजून मिळालेली नाही, हेही गाळलं.

भेट म्हणून त्यानं स्वतःच बेरिंबाऊ हे कापुएरातलं वाद्य सुचवलं. पाच फुटी लाकडी दांडी, जुन्या टायरातून काढलेली तार, खाली कोरून पोकळ केलेला भोपळा. विमानात हे नेणार कसं, याचा विचार आम्ही त्याच्यावर सोडला. घरी आजीनं ते धनुष्य वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "कॅनडात गाद्या पिंजायला चाललास का रे?" तरी बाबापुता करून त्यानं विमान कंपनीकडून परवानगी मिळवली. व्हिसासाठी इतकी चिकाटी दाखवली असती तर दिवाळीतच गेला असता.

परवा एकदाचा तो गेला. आमच्या गटाचा पांढरा टी-शर्ट घालून गेला. टोरांटोतही कापुएराचे वर्ग चालतात. तिथे पहिल्याच दिवशी "आमच्या मुंबईत असं नसतं" हे सुरू होईल, याविषयी आमच्यात दुमत नाही. इथे मुंबईत तो "टोरांटोत असं नसतं" हे व्हिसा येण्याआधीपासून म्हणत होता.

तुमचं कुणी टोरांटोत असेल आणि वर्गाला उशिरा येणारा, हातात भोपळ्याचं धनुष्य धरलेला मराठी माणूस दिसला, तर आमचा एवढा निरोप द्या: सप्टेंबरपासूनची फी बाकी आहे.