नुसतेच फिरणाऱ्या साहेबांस

प्रति,
श्री. फॅन क्लच ऊर्फ 'विस्कस' साहेब,
मुक्काम रेडिएटरच्या मागे, वॉटर बॉडीच्या पुढे,
माझा वीस वर्षांचा सहाचाकी ट्रक,
अंजनगाव सुर्जी, जि. अमरावती.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपला सत्कार करायचा राहून गेला. गेले दोन उन्हाळे आपण जी सेवा केलीत, तिचं मोल आम्हाला परवा कळलं. तेही आपल्याला चार बोल्टांतून सोडवून बाकड्यावर उभं केलं तेव्हा. तोवर या प्रकरणात आपलं नाव कोणी चुकूनही घेतलं नव्हतं. गुन्हेगाराला याहून मोठी पावती काय हवी?

आपलं काम लोकांना मीच सांगतो. आपण सांगणार नाही. न केलेल्या कामाबद्दल माणूस बोलणार तरी काय? जुन्या काळी ट्रकचा पंखा थेट वॉटर बॉडीच्या, म्हणजे पाण्याच्या पंपाच्या, दांड्यावर आवळलेला असे. इंजिन फिरलं की तो फिरे, मग पौषातली पहाट असो की वैशाखातली दुपार. घाण्याच्या बैलागत. पण पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी ताकद आठपट होते, आणि ती शेवटी डिझेलच्या टाकीतूनच येते. म्हणून मधे आपली नेमणूक झाली. आपल्या पोटात सिलिकॉनचं घट्ट तेल, आणि नाकावर दोन धातू जोडून केलेल्या पट्टीचं वेटोळं. रेडिएटरमधून गरम हवा आली की वेटोळं वळतं, आतली बारीक खिडकी उघडते, राखीव कप्प्यातलं तेल एकमेकांत बसलेल्या गोल खाचांमध्ये शिरतं आणि त्या तेलाच्या चिवटपणानं पंखा ओढला जातो. हवा निवली की खिडकी बंद, तेल परत कप्प्यात आणि पंखा निवांत.

थोडक्यात, उकाड्यात काम करावं आणि गारव्यात आराम करावा, अशी आपली ऑर्डर. एवढी समंजस नोकरी कोणत्या खात्यात मिळते, साहेब? आपण तिचा दुसरा अर्धा भाग अगदी मनापासून पाळलात. पहिला अर्धा बहुधा पान उलटून वाचायचा राहिला.

मार्चातली गोष्ट आठवते का? मृगाच्या बहाराची संत्री भरून आपण परतवाड्यावरून धारणीला जायला निघालो. परतवाड्यापर्यंत सपाट रस्ता, समोरून येणारा वारा फुकटचा. तिथवर तापमानाचा काटा मधोमध, आणि आपण मालकासारखे पुढच्या सीटवर. घटांगच्या अलीकडे चढ लागला, गाडी दुसऱ्या गिअरवर आली. इंजिन जोरात, गाडी हळू. समोरचा वारा संपला. म्हणजे आपली खरी ड्यूटी तिथे सुरू होत होती. ड्रायव्हर म्हणाला, "मालक, गाडी तपून राह्यली." मी खिडकीतून डोकं काढून ऐकलं, पंख्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, "पंखा तं फिरून राह्यला ना बावा." तीन वळणांनंतर बोनेटखालून अशी वाफ निघाली, की आमच्या शकुंतलेची आठवण झाली. ती मूर्तिजापूर-अचलपूरची बिचारी आगगाडी 1994 पर्यंत वाफेवर चालली. पण तिचं पाणी उकळणं हेच तिचं काम होतं. माझ्या ट्रकच्या नेमणूकपत्रात तसं काही लिहिलेलं नाही.

मग चौकशी बसली. आपल्याकडे चौकशी बसते तशीच बसली, म्हणजे खऱ्या आरोपीला सोडून बाकी सगळ्यांची. पहिला नंबर रेडिएटरचा. त्याला उतरवून, डोकं-बूड उघडून, नळ्यांतून रॉड मारून घेतले. त्याच्या पोटातून खडूसारखा पांढरा थर निघाला. तो निघणारच होता. दर्यापूरकडे गेलं की आमचा ड्रायव्हर खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं पाणी बादलीबादलीनं त्यात ओतत होता. शिवाय पुढच्या जाळीत जिनिंगच्या फेऱ्यांतली रुई अशी गच्च बसली होती, की काढली असती तर एक उशी सहज भरली असती. चूक आमची होती, ती दुरुस्त झाली, आणि गाडी तरीही तापली.

दुसरा नंबर थर्मोस्टॅटचा. एका गॅरेजवाल्यानं त्याला काढून नाल्यात फेकलं आणि वर, "आता पाहा कशी थंड राह्यते," असंही सांगितलं. थंड राहिली, पण फक्त हिवाळ्यात. इतकी थंड, की इंजिन तापायलाच तयार नाही आणि डिझेल मात्र पिऊन राहिली. उन्हाळा आला, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग वॉटर बॉडी बदलली. रेडिएटरचं झाकण बदललं. बेल्ट बदलला. शेवटी हेड गॅस्केट गेलं, हेडला फेस मारावा लागला. ते बिल मी खिशात ठेवत नाही, उशीखाली ठेवतो. झोप उडवायला बरं पडतं.

आणि या साऱ्या काळात आपण काय करत होतात? फिरत होतात! निर्दोष माणसांची एकामागून एक बदली, निलंबन, बडतर्फी चालू असताना आपण त्यांच्या डोळ्यांदेखत गरगर फिरत होतात. आपलं हे एकच कौशल्य, पण काय कौशल्य! आतलं तेल संपलं तरी बेअरिंगच्या घासण्यानं आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यानं पंखा फिरतोच. बघणाऱ्याला वाटतं, साहेब जागेवर आहेत. फिरणं वेगळं आणि हवा ओढणं वेगळं, एवढी साधी गोष्ट आम्हाला दोन उन्हाळे आणि एक हेड घालवून कळली.

लाज याची वाटते, की घरात आम्ही इतके भोळे नाही. आमच्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. तेव्हा कूलरचा पंखा जरासा जरी मंद झाला, तरी आजीपासून नातवापर्यंत सगळे ओरडतात, आणि तासाभरात कंडेन्सर बदललेला असतो. 'फिरतो तर आहे,' असं म्हणून कूलरला कोणी सोडत नाही. ट्रकला मात्र ओरडता येत नाही. त्याला फक्त काटा वर नेता येतो, आणि काटा वर गेला की आम्ही काट्यावरच संशय घेतो.

आपला भांडाफोड केला तो एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं. हा माणूस मशीन लावत नाही, मीटर लावत नाही. त्यानं उभ्या ट्रकचं इंजिन चालू ठेवून चांगलं तापवलं आणि रेडिएटरच्या पुढच्या जाळीला वर्तमानपत्राचं एक पान टेकवून सोडलं. हवा ओढली जात असती तर पान जाळीला चिकटून बसलं असतं. पान दोन सेकंद विचारात पडलं आणि माझ्या चपलेवर येऊन निजलं. "पंखा फिरते म्हंता, पन हवा कुठी हाये?" म्हातारबा म्हणाले. मग इंजिन बंद केलं, चावी स्वतःच्या खिशात टाकली आणि एका बोटानं पाती ढकलली. तापलेल्या क्लचनं अशा वेळी जड हातानं विरोध करायला हवा. आपण भिंगरीसारखे गरगरलात. एवढी लवचीक नीती मी पुढाऱ्यांतही पाहिली नाही.

पुरावे तर कधीपासूनच समोर होते. आपल्या तोंडावर मधोमधून कडेकडे गेलेली काळी, तेलकट धुळीची नक्षी होती. तेल बेअरिंगपाशी झिरपून बाहेर फेकलं जात असल्याची ती सही. आम्ही काय केलं? दर दसऱ्याला गाडी धुताना डिझेलच्या बोळ्यानं ती सही पुसली. इतकंच नाही, आमच्या पोट्ट्यानं उत्साहाच्या भरात आपल्या नाकावरच्या वेटोळ्याला चंदेरी रंग दिला, आणि मी त्यावर झेंडूची माळ घातली. ज्या नाकानं गरमी हुंगायची तेच रंगानं बुजवून आम्ही आरोपीची पूजा केली, साहेब. आपण हसला असाल.

दुसरा पुरावा पहाटेचा. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत थोडं तेल खाचांमध्ये उतरून बसतं. म्हणून सकाळी इंजिन चालू केलं, की मिनिटभर पंखा जोरात घोंघावतो. मग तेल कप्प्यात परत जातं आणि तो शांत होतो. या घोंघावण्यावरून समोरचे काका रोज पहाटे पाचला माझ्या खानदानाचा उद्धार करत. दोन वर्षांपूर्वी ते अचानक गप्प झाले. मला वाटलं, शेजारधर्म जागा झाला. प्रत्यक्षात आपल्या पोटातलं तेल संपलं होतं.

आता आपल्या शस्त्रक्रियेबद्दल. गॅरेजवरच्या पोरानं आपल्याला सवयीनं पालथं टाकायला घेतलं, तर म्हातारबांनी त्याच्या हातावर चापट मारली. क्लच गाडीत बसतो तसाच उभा ठेवायचा; आडवा पडला की उरलंसुरलं तेलही बेअरिंगकडे वाट काढतं. आपलं नशीब थोर, की आपली दोन अर्धी स्क्रूंनी जोडलेली निघाली. पुष्कळांची कड कारखान्यातच दाबून बंद केलेली असते. त्यांना उघडायच्या भानगडीत न पडता नवीन आणावं लागतं. बेअरिंग हलवून पाहिलं, खुळखुळ नव्हती. ती असती, तर तेल भरून उपयोग नव्हता. डुगडुगता पंखा एक दिवस रेडिएटरमध्येच घुसतो. मग दोन्ही अर्ध्यांवर खुणेची रेघ ओढली आणि उघडलं. आत चमचाभर काळसर ओल. बस. वीस वर्षांच्या नोकरीची एवढीच शिल्लक.

तेवढ्यात आमच्या ड्रायव्हरनं गिअर ऑइलचा डबा पुढे केला. "घट्ट तं हाये ना!" घट्ट आहे, पण तापलं की पातळ होतं, आणि आपलं काम तर तापल्यावरचंच. सिलिकॉनचं तेल उन्हात आपला स्वभाव फारसा सोडत नाही, म्हणून तेच लागतं. गंमत म्हणजे, नॉटिंगहॅमच्या फ्रेडरिक किपिंग नावाच्या प्राध्यापकांनी या सिलिकॉनच्या संयुगांवर जन्म घालवला आणि 1937 मध्ये भर व्याख्यानात सांगितलं, की या विषयात लवकर काही मोठं घडेलसं दिसत नाही. 1943 मध्ये अमेरिकेत तेवढ्यासाठी डाऊ कॉर्निंग ही कंपनीच उभी राहिली. प्राध्यापक महाशय एकदा घटांगच्या चढावर माझ्याबरोबर असते, तर त्यांचं मत आणखी लवकर बदललं असतं.

हे तेल घट्टपणाच्या आकड्यानं मिळतं. पाण्याचा आकडा 1 धरला, तर जपानी गाड्यांच्या क्लचसाठी 3,000, 6,000 आणि 10,000 अशी तेलं 18 मिलीच्या इवल्याशा ट्यूबांत येतात. आपल्यासाठी कारखान्यानं जो आकडा आणि जे माप सांगितलं आहे, तेच मोजून भरलं. जास्त भरलं की पंखा कायमचा अडकतो. मग घाण्याचा बैल परत, आणि डिझेलही. आतल्या खाचा पुसल्या, सील नवं बसवलं, वेटोळ्यावरचा चंदेरी रंग अलगद काढला. एवढंच. चार चमचे तेल आणि एक दुपार. हेडचं बिल मी उशीखालून काढून आपल्या शेजारी ठेवून पाहिलं. दोघांकडे आलटून पालटून पाहत बराच वेळ बसलो.

आता शेवटचं. साहेब, आपण ज्या गावात राहता त्याला तहाचा अनुभव आहे. अडगावची लढाई 29 नोव्हेंबर 1803 ला हरली, 15 डिसेंबरला गाविलगड पडला आणि 30 डिसेंबरला दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांच्या वेलस्लीशी तह केला तो इथेच, सुर्जी अंजनगावात. गंगा-यमुनेच्या मधला मुलूख गेला, भडोच गेलं, अहमदनगर गेलं. माझं फक्त हेड गेलं. म्हणून मीही हरलेल्या बाजूनं तहाची कलमं पाठवतो.

कलम पहिलं : गाडी तापली की आपण ओढाल, निवली की सोडाल. मधली कोणतीही नवी पद्धत काढणार नाही.

कलम दुसरं : थर्मोस्टॅटला मानानं परत घेतलं जाईल. रेडिएटरची जाहीर माफी मागून जाळी इंजिनाच्या बाजूनं पुढे, अशी हवा मारून साफ केली जाईल. बोअरचं पाणी बंद, कूलंट सुरू.

कलम तिसरं, आणि हे मला लिहायचं नव्हतं : वीस वर्षांत मी इंजिन ऑइल बदललं, गिअर ऑइल बदललं, कमानीला ग्रीस मारलं, पण आपल्या पोटात काय आहे हे एकदाही विचारलं नाही. आपण नुसते फिरत होतात हे खरं, पण मीही नुसताच बघत होतो. सबब यापुढे दर होळीला, चढाचे दिवस सुरू व्हायच्या आधी, इंजिन बंद करून, चावी खिशात टाकून मी एका बोटानं पाती ढकलून पाहीन आणि तापल्या गाडीला कागद लावीन. दसऱ्याला माळ घालीन, पण आधी तोंडावरची तेलाची सही वाचीन.

कळावे, लोभ नसला तरी तेल असू द्यावे.

आपला,
पाणी ओतून ओतून थकलेला मालक

ता. क. : आज पहाटे पाचला गाडी चालू केली. समोरचे काका दोन वर्षांनी पुन्हा खिडकीत आले आणि खानदानाचा उद्धार केला. मी इंजिन बंद केलं नाही. म्हटलं, बोलू द्या त्यांना.